मझलचा गाठीचा हात

मयताजवळची खुर्ची रिकामी ठेवायची नाही, एवढी एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा बजावून सांगितलेली होती. नेमकी तेवढीच माझ्याच्यानं झाली नाही.

फर्हा खाला गुरुवारी पहाटे कोबेच्या दवाखान्यात वारली. उशाशी पाळी माझी होती. नर्सनं येऊन चादर नीट केली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, "तुम्ही आहात ना इथं?" मी मान डोलावली. ती गेली. खोलीत उरलो मी आणि खाला. म्हणजे खरं बघितलं तर मी एकटाच.

मी जपानातच, शिमाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात शिकलो. वडील मोत्यांचे व्यापारी, आई तिथलीच, लग्नाआधी आमचा यहुदी धर्म घेतलेली. समुद्रानं एखादं प्रेत किनाऱ्याला आणून टाकलं की शाळेतली सगळी पोरं पळत सुटायची. मीही पळायचो, फक्त उलट्या दिशेनं. त्यामुळं मयत इतक्या जवळून बघायची बाविसाव्या वर्षी ही माझी पहिलीच वेळ.

खालाचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं. आता ही बोलणार असं वाटत होतं. बोलली असती तर शिवीच दिली असती आणि मी ती आनंदानं खाल्ली असती. पण ती बोलेना. हीटर मधूनच टकटक करत होता. मी स्तोत्रांचं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या, आणि चादर हलली. हलली नसणार. पण ते ठरवायला मी थांबलो नाही.

तळमजल्यावर नाणं टाकलं की कॉफीचा डबा देणारं यंत्र होतं. खिशात नाणं नव्हतं. यंत्रापाशी काळ्या सुटातले एक पन्नाशीचे गृहस्थ गरम डबे हातात घेऊन उभे होते, एक स्वतःचा, एक गाडीवाल्यासाठी असावा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता एक डबा माझ्या हातात ठेवला.

"थरथरताय," ते म्हणाले.

"थंडी आहे."

"हो. थंडी आहे," त्यांनी माझं मन राखलं. मग थोडा वेळ आम्ही डोंगरावर पडलेल्या बर्फाबद्दल बोललो. डबा संपवून त्यांनी नमस्कार केला आणि ते लिफ्टनं वर गेले. मी माझी कॉफी हळूहळू प्यालो. इतकी हळू कॉफी मी आयुष्यात कधी प्यालो नव्हतो.

वर आलो तर पलंग सपाट. चादरीची घडी घातलेली.

"खोलीत कुणीच नव्हतं," पाळी बदलून आलेली दुसरी नर्स म्हणाली. ती बिचारी माझ्याहून जास्त ओशाळली होती. "आम्हाला वाटलं, यांचं कुणी नाही. अंत्यविधीची गाडी आली होती, तिच्यातून पाठवलं."

काळा सूट. कॉफी. लिफ्ट. ज्या माणसानं खालाला नेलं, त्याचीच कॉफी माझ्या पोटात होती.

आता हे एवढं का बिघडलं, तर इथं माणूस गेला की जाळतात. सगळ्यांनाच. त्यात वाईट काही नाही. माझ्या आईकडची सगळी माणसं तशीच गेली आणि ती चांगली माणसं होती. पण आम्ही माती देतो. तोवर मयताला एकटं सोडायचं नाही, आमच्याच माणसांनी आंघोळ घालायची, पांढरं कफन नेसवायचं, आणि माती द्यायची. खालाचं त्याबाबत म्हणणं अगदी स्पष्ट होतं. "मला जाळलंत," ती म्हणायची, "तर एकेकाच्या मानगुटीवर येऊन बसेन. नाजीपासून सुरुवात करीन, त्याची मान बारीक आहे." नाजी म्हणजे मी.

हे तिनं नुसतं सांगितलं नव्हतं, मझलकडून वचन घेतलं होतं. दवाखान्यातल्या फोनवरून मी मझलला उठवलं आणि सगळं सांगितलं.

"मझल, ऐकतेयस ना?"

"मी येते," ती म्हणाली. "नाजी, मला भीती वाटतेय."

तिला कशाची भीती वाटत नव्हती ते सांगणं सोपं पडेल. मोत्यांची वाटत नव्हती. बाकी लिफ्टची, कावळ्यांची, बंद दाराची, उघड्या दाराची, फोन वाजण्याची आणि वाजता वाजता थांबण्याची. मझल शम्माश, वय चोवीस, कोबेत सान्नोमियाच्या मागच्या गल्लीत एका पेढीवर माळा ओवायचं काम करायची. रेशमी दोरा, एक मोती, एक गाठ. पुन्हा मोती, पुन्हा गाठ. दोरा तुटला तर एकच मोती गळावा म्हणून प्रत्येक मोत्यामागं गाठ. त्या कामानं तिची बोटं इतकी सवयीची झाली होती की हातात दोरी आली की गाठ पडायचीच. पावाच्या पिशवीला गाठ, पडद्याच्या दोरीला गाठ. एकदा प्रार्थना चालू असताना पुढं बसलेल्या लुनाच्या वेणीची रिबीन तिनं खुर्चीला बांधून ठेवली होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

आमचं म्हाताऱ्या-आजाऱ्यांना भेटायला जायचं मंडळही तिनं काढलं ते घाबरूनच. मागच्या हिवाळ्यात खाला दिवसभर फोन उचलेना. मझलला नको नको ते दिसायला लागलं. एकटीनं जाऊन दार उघडायची हिंमत नव्हती, म्हणून तिनं आम्हा पाचजणांना घरोघरी फिरून गोळा केलं. मी तेव्हा वडिलांच्या टेबलावर बसून मोत्यांचे रंग निवडायचं नाटक करत होतो, लुना घरात पडून कॅसेटी ऐकत होती. बाकीचे तिघं आमच्यापेक्षा काही वेगळे नव्हते. सगळ्यांचं एकच चाललं होतं, इथून कधी निघायचं. निम्मी वस्ती न्यूयॉर्क नाहीतर लंडनला गेलेली, उरलेल्यांनी बॅगा भरून ठेवलेल्या.

आम्ही सहाजण एकमेकांना पुढं ढकलत दारात गेलो तर खालानंच दार उघडलं. गादी विकणारा कुणी सारखा फोन करत होता म्हणून तिनं वायर काढून ठेवली होती.

"काय, वाटण्या करायला आलात?" ती म्हणाली. "अजून मेले नाही. बसा, भात जेवा."

भाताबरोबर आंब्याचं लोणचं होतं. खालाची आई मुंबईहून जहाजात बसली तेव्हा ते करायची रीत तेवढी बरोबर घेऊन आली होती. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. मग दुसऱ्या एका म्हाताऱ्यांकडे, मग दवाखान्यात एका खलाशाकडे, ज्याची भाषा आमच्यापैकी एकालाही येत नव्हती. असं करत मंडळ झालं. पुढारी कोण हे कुणी ठरवलं नाही. जिला सगळ्यात जास्त काळजी, तीच फोन करायची, म्हणून तीच.

मयतीचं काम खालाचं होतं. बायकांना बायकाच धुतात. पूर्वी चौघी होत्या. दोघी परदेशी गेल्या, तिसरीला खालानंच आंघोळ घातली. एकदा सिनेगॉगमध्ये चहा पिताना तिथले अध्यक्ष अम्मू सालेह, म्हणजे सालेहकाका, हसत म्हणाले, "फर्हा, तुला कोण धुणार गं?" हसलं कुणीच नाही. खालानं कप खाली ठेवला आणि बोटानं दाखवलं. "ही."

"ही उंदरी?" अम्मू म्हणाले. "झुरळ बघून किंचाळते ती."

"म्हणूनच. जिला कशाचंच काही वाटत नाही, तिचे हात धसमुसळे असतात. मला तसले हात नकोत."

मझलच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

मग शिकवणी सुरू झाली. खाला जेवणाच्या टेबलावर उताणी झोपायची, डोळे मिटून, हात बाजूला टाकून, आणि मझल तिच्यावर सराव करायची. आम्ही मुलगे स्वयंपाकघरात. दाराआडून ऐकू यायचं.

"डोकं नीट धर पोरी, भोपळा नाहीये तो."

"खाला, मेलेलं माणूस बोलत नाही."

"म्हणून तर आता बोलून घेतेय. उजवी बाजू आधी. पाठ उघडी टाकू नकोस, मला काय लाज नाही?"

पाणी ओतायचं ते एका धारेनं. पहिली बादली संपायच्या आत दुसरीची धार सुरू झाली पाहिजे. मधे खंड पडला तर पहिल्यापासून. आणि शेवटी कफनाच्या पट्ट्या. त्यांना गाठ मारायची नाही. पीळ द्यायचे, फास करून खोचायचा, बस. गाठ मारली की माणूस इथंच अडकून राहतो, असं खाला म्हणायची. मझलचं घोडं इथं अडायचं. ती पीळ द्यायची, फास करायची, आणि तोवर बोटांनी त्यांचं काम करून टाकलेलं असायचं. मग फटकन आवाज. मेलेली बाई उठून बसून तिच्या हातावर चापट मारायची.

"गाठ! माळ आहे का मी मोत्यांची?"

ही शिकवणी पुढच्या हिवाळ्यात चालू होती. मँचेस्टरला मझलच्या मामाचं दुकान होतं; तिचं तिकीट आलं होतं. जायचा दिवस ठरला होता, आणि खाला त्याआधीच गेली.

अंत्यविधीवाल्यांची जागा सुमाकडे, रेल्वेच्या पुलाखाली. आत शिरलो तर तेच गृहस्थ. नाव मुराओका, इथल्या मानानं बोलायचं तर मुराओका-सान. त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही नातेवाईक होता?" ते म्हणाले. "मग मघाशी बोलला का नाहीत?"

"बर्फाचा विषय निघाला होता," मी म्हणालो.

मझल पुढं झाली. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती. "आमची खाला परत द्या."

"बाई, तुम्ही त्यांच्या कोण?"

"नात्यानं कुणी नाही."

"मग?"

"आम्ही तिला धुणार आहोत," मझल म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मुराओका पुढं वाकले. तिनं पुन्हा सांगितलं. "मी धुणार आहे. मी तिला शब्द दिलाय. तिला जाळायचं नाही."

मुराओका-साननी खुर्च्या पुढं ओढल्या. मग त्यांनी आम्हाला बसवलं आणि सरळ सांगितलं. बेवारस समजून कागद अग्नीचा निघाला होता. उद्या सकाळची पहिली भट्टी खालाच्या नावावर होती. "मला स्वतःला थांबवता येत नाही. वॉर्ड ऑफिसात कागद बदलून आणा, मातीचा. जबाबदारी घेणारं माणूस पाहिजे, त्याचा शिक्का पाहिजे, आणि आज ऑफिस बंद व्हायच्या आत पाहिजे."

"आणि नाही झालं तर?" मझलनं विचारलं.

त्यांनी खाली बघितलं. "मी दहन उशिरा ठेवायचा प्रयत्न करीन. पण उद्याच्या पलीकडे नाही."

शिक्का अम्मू सालेहकडे. मी निघालो. दारातून मागं बघितलं तर मझल मुराओका-सानना विचारत होती, "तिच्याजवळ खुर्ची आहे का?"

अम्मूंना फोन लावला.

"शिक्का घेऊन वॉर्ड ऑफिसात? कुणी सांगितलं, त्या उंदरीनं?"

"हो अम्मू."

"मग मला स्वतः फोन करायला काय झालं? घाबरली?"

"ती खालाजवळ बसलीय. एकटी."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत? खालाजवळ?"

"आत."

"येतो," अम्मू म्हणाले.

वॉर्ड ऑफिसातल्या तरुण कारकुनानं तो कागद तीनदा वाचला. "मातीत?" त्यानं विचारलं. "म्हणजे आख्खं?" अम्मूंचा चेहरा लाल झाला, मी त्यांचा कोट मागून धरून ठेवला. कारकून साहेबाकडं गेला, साहेब दुसऱ्या साहेबाकडं. दफनभूमीला फोन झाला, तो लागेना. खिडकीबाहेर दिवस उतरत होता. एकेका टेबलावरचा दिवा बंद व्हायला लागला आणि ऑफिस बंद होण्याची ती गोड धून वाजायला लागली. ती धून ऐकून घाम फुटलेला कोबेतला मी पहिलाच माणूस असेन. माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र, पहिली भट्टी, आणि मी हातात कॉफीचा डबा घेऊन तिच्यासमोर उभा.

धून संपता संपता दुसरे साहेब कागद घेऊन आले. अम्मूंनी शिक्का काढला. तो वाळून कोरडा पडला होता. त्यांनी त्याच्यावर तोंडानं वाफ सोडली, एकदा, दोनदा, आणि दोन्ही हातांनी दाबला. फिकट उठला, पण उठला.

परत आलो तेव्हा मझल खुर्चीवर होती. हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. चेहरा कागदासारखा. मी कागद दाखवला. ती रडलीही नाही, हसलीही नाही.

"ती मधे हलली," ती हळूच म्हणाली.

"चादर?"

"हं."

"मलाही दिसली होती."

"मग तू काय केलंस?"

"खाली गेलो."

"मीपण उठले," ती म्हणाली. "दारापर्यंत गेले. कडी हातात होती. मग मागं बघितलं तर खुर्ची रिकामी दिसली. ती खुर्ची बघूनच जास्त भीती वाटली. म्हणून परत येऊन बसले."

रात्रभर आम्ही पाळ्या केल्या. माझ्या पाळीला मी खुर्चीचा पाय माझ्या बुटाच्या नाडीला बांधून ठेवला होता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी आंघोळ. मुराओका-साननी त्यांची धुण्याची खोली दिली, त्यांच्या म्हाताऱ्या आईनं कोमट पाणी दारापर्यंत आणून ठेवलं आणि आत न डोकावता परत गेली. आत मझल आणि लुना. आणखी बाई नव्हती. मी बाहेर, बंद दाराला पाठ लावून, स्तोत्रं वाचत. माझं हिब्रू म्हणजे दगड फोडल्यासारखं. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत माती द्यायची होती, कारण मावळला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, मग कुदळ उचलायची नाही, गाडी चालवायची नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

आतून आधी मझलचा आवाज आला. मयताला नावानं हाक मारून आधीच माफी मागायची असते. "फर्हा, दीनाची मुलगी, आमच्या हातून काही चुकलं तर माफ कर." मग बरंच काही हळूहळू. मग बादलीचा आवाज. धार सुरू झाली. चांगली जाड धार, फरशीवर पडणारी. मी वाचायचा थांबलो.

धार तुटली.

टाइल्सवर काहीतरी आदळलं. दार उघडलं आणि लुना बाहेर आली, ओली, दात वाजत असलेली, आणि माझ्या शेजारी भिंतीला घसरत खाली बसली. "खालाचा हात माझ्या हाताला लागला," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. मी जाते. मला जाऊ दे."

मझल दारात आली. मला वाटलं आता ही पण बसणार, आणि मग सगळं संपलं. तिचे ओठ निळे पडले होते. आत खाला एकटी आहे हे तिलाही कळत होतं, कारण ती एक पाय आत ठेवूनच उभी होती.

"लुना," ती म्हणाली, "मलाही भीती वाटतेय."

"मग सोड ना."

"ती वाट बघतेय गं. तू डोळे मिटून ओत. कुठं ओतायचं ते मी सांगते. बघायचं नाही, नुसतं माझं ऐकायचं."

लुना हलली नाही. मझलनं हात पुढं केला. तो इतका थरथरत होता की लुनाला तो धरावाच लागला, निदान तो थांबावा म्हणून. दार लागलं.

पुन्हा पहिल्यापासून. बादली भरल्याचा आवाज, मग शांतता. मग दाराआडून कडक, खरखरीत आवाज आला, "डोकं नीट धर पोरी, भोपळा नाहीये तो."

माझ्या हातातून पुस्तक पडलं. अंगावर असा काटा आला की टोपीखालचे केसदेखील उभे राहिले असतील. खाला. खालाच बोलत होती. मी उठलो, पळायच्या दिशेला तोंडही केलं. मुराओका-सान कॉरिडॉरच्या टोकाला उभे होते, त्यांनीही ते ऐकलं असावं, कारण ते कमरेत पूर्ण वाकले होते.

"उजवी बाजू आधी," आवाज म्हणाला. "आता ओत. ओत मेले, पाण्याला काय पैसे पडतात? मझल, तुझी बादली. आत्ता, आत्ता, तिची संपायच्या आत."

मझल होती. स्वतःलाच स्वतः ओरडत होती, खालाच्या आवाजात. धार सुरू झाली, जाड झाली, पातळ होता होता दुसरी तिच्यात मिसळली, आणि मग दोन्ही मिळून संपल्या. मधे कुठं खंड पडला नाही. मी पुस्तक उचललं, त्याला ओठ लावले आणि उलटं धरून वाचायला लागलो.

मग आत शांतता झाली ती संपेना. आता पट्ट्या. मला ते कळत होतं.

"नाजी," मझल आतून म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात. "मोठ्यानं वाच. चुकत वाच, पण मोठ्यानं. मी गप्प राहिले की माझी बोटं आपलं आपलं करतात."

मी वाचलं. ती प्रत्येक चुकीला आतून मला दुरुस्त करत होती, आणि करता करता पीळ देत होती. माझ्या वाचनाचा कुणाला उपयोग झाल्याची ती पहिली वेळ, आणि तोसुद्धा चुकांचा.

डोंगरावरच्या दफनभूमीत जमीन कडक होती. खड्डा अम्मूंनी आदल्या संध्याकाळीच माणसं धाडून खणायला लावला होता म्हणून झालं. अम्मू सालेह आणि आम्ही चौघांनी खालाला खाली उतरवलं. मातीच्या पहिल्या ढेकळाचा आवाज झाला तेव्हा मझलनं माझी बाही पकडली. खाली बंदरावर ऊन पिवळं पडायला लागलं होतं. मग एकेकानं खालाची माफी मागितली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "खाला, मी कॉफी प्यायला गेलो होतो." अम्मूंनी माझ्याकडं बघितलं. पण हे तिला माहीत असणारच होतं.

गाडीत बसल्यावर मझल बोटं मिटत होती, उघडत होती.

"झालं की सगळं," मी म्हणालो. "आता कसली भीती?"

"डाव्या पायाची पट्टी," ती म्हणाली. "शेवटची. पीळ दिले, ते आठवतंय. खोचली का बांधली, ते आठवत नाही."

"लुनाला विचार."

"लुनाचे डोळे मिटलेले होते."

मी मागं वळून डोंगराकडं बघितलं. तिनं अजून तो प्रश्न सोडलेला नाही. प्रार्थनेच्या मधेच तिचा हात डाव्या घोट्याकडं जातो आणि मला कळतं ती कुठं आहे.

मँचेस्टरला ती गेली नाही. विमानाची भीती वाटते, असं तिनं मामाला कळवलं, आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाच त्यात शंका आली नाही. आता फोन वाजला की ती आधी दचकते, मग उचलते, मग आम्हाला सगळ्यांना फोन करते. दोन मुली तिच्या हाताखाली शिकतायत. जेवणाच्या टेबलावर आता मझल झोपते, डोळे मिटून. पण चापट मारत नाही, नुसतं डोळा उघडून बघते, आणि मुली म्हणतात ते जास्त वाईट.

दवाखान्यात कुणी आमच्यातलं, किंवा नुसतंच चमत्कारिक नावाचं गेलं, की मुराओका-सान कागदाला हात लावायच्या आधी आम्हाला फोन करतात. आमची भेट होते ती अशीच, मयताजवळ. आणि मयतासमोर खाणंपिणं करायचं नसतं. मागच्या खेपेला मी कॉफीचा गरम डबा कोटाच्या खिशात घालूनच गेलो होतो. वाटलं, त्या दिवशीच्या कॉफीची परतफेड म्हणून निघताना बाहेर त्यांना देऊ. पण पाळी लांबली, मी खुर्चीवरून उठलो नाही, आणि ते दारातूनच नमस्कार करून गेले. खिशातला डबा गार झाला होता. तो मी तसाच घरी परत आणला.